दोन ठोक्यांचा जवाब

बन्सीला लघवीला वेळ लागायचा, ही गोष्ट चिकलठाण्याच्या अलीकडच्या चार वसाहतींना ठाऊक होती. असली गोष्ट चार वसाहतींना कशी ठाऊक होते, असं कुणी विचारेल. तर बन्सी होता पाणी सोडणारा. खांद्यावर लोखंडाची लांब चावी, पायात रबरी चप्पल आणि मागावर बायाबापड्यांची नजर. पाण्याचा दिवस असला की बन्सी कुठं चाललाय, चहाला बसलाय की काय, यावर अख्ख्या गल्लीचं लक्ष. असा माणूस भिंतीकडं तोंड करून उभा राहिला की गच्चीवरून हाक यायचीच, "ओ वॉलमन, झालं का? हंडे कोरडे पडलेत इकडं!" बन्सी मान न वळवता सांगायचा, "सोडतो ओ, पळून नाय चाललो."

मोकळ्या जिभेचा, मोठ्या आवाजाचा गडी. ठेकेदाराकडं कामाला लागला तेव्हा मिशी फुटत होती, आता ती पांढरी झाली. कोणत्या घरात चोरून मोटार लावतात हे त्याला पक्कं माहीत, आणि चहा मात्र तो नेमका त्याच घरात प्यायचा. व्यसनी नव्हता, फार देवभोळाही नव्हता. फुकटचं मिळालं तर सोडायचा नाही. थोडक्यात, तुमच्याआमच्यासारखा माणूस. आणि त्याला एक जोडीदार होता, कडुबा.

कडुबा किडकिडीत, कमी बोलणारा आणि भारी चिवट. बन्सी रस्त्याच्या कडेच्या वरच्या व्हॉल्व्हवर, तर कडुबा खाली उताराला, खोल चेंबरमध्ये. मोबाइल दोघांकडं होते, पण चेंबरमध्ये रेंज मिळायची नाही आणि कडुबा आपला फोन भिजेल म्हणून डब्याच्या पिशवीत ठेवून उतरायचा. मग बोलणं चालायचं ते पाइपातून. पान्यानं दोन ठोके मारले की बंद कर. तीन मारले की सोड. ज्यानं ऐकलं त्यानं तेवढेच ठोके परत मारायचे, म्हणजे निरोप पोचला हे समोरच्याला कळतं. जवाब येईपर्यंत ठोकत राहायचं. दुसरा नियम याहून कडक होता. ज्यानं बंद कर म्हणून सांगितलं, सोड म्हणूनही त्यानंच सांगायचं. तोवर तिसऱ्या कुणी चावीला हात लावायचा नाही, कारण माणूस खाली पाइपाशी असतो.

या ठोक्यांचा कडुबानं एक खेळ केला होता. बन्सी भिंतीकडं वळला की चेंबरच्या तोंडाशी बसलेला कडुबा पाइपावर दोन ठोके मारायचा. टण्, टण्. बंद कर आता, पुरे! बन्सी हसायचा, मुद्दाम आणखी वेळ लावायचा आणि या ठोक्यांना जवाब द्यायचा नाही. खेळच तो, त्याला जवाब कसला? वर्षानुवर्षं हे चाललं. दिवसभर हूं की चूं न करणाऱ्या कडुबाची एवढी एकच मस्करी होती.

त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. खालच्या जोडातून पाणी झिरपतंय म्हणून कडुबा बोल्ट आवळायला उतरला. गळती दिसावी म्हणून बन्सीनं वर थोडंसंच पाणी सोडलं होतं, आणि हाताशी वेळ आहे म्हणून तो लिंबाच्या झाडामागं उभा राहिला. दोन ठोके आले. बन्सी हसला. परत दोन आले. "थांब की मर्दा," तो मोठ्यानं म्हणाला. तिसऱ्यांदा आले ते जरा घाईचे होते, आणि बन्सीला वाटलं, आज याला लईच चेव आलाय. मग ठोके थांबले. बन्सीनं सावकाश आटोपलं, तंबाखू मळली, आणि मग त्याला जाणवलं की खालून काहीच आवाज येत नाही.

तो उताराला पोचला तेव्हा चेंबर काठोकाठ भरलं होतं. पाणी शांत होतं. वर कडुबाची टोपी तरंगत होती. जोड फुटला होता आणि कडुबाचा पाय पाइपाखाली अडकला होता, हे नंतर कळलं. सगळ्यांनी बन्सीला विचारलं, पोलिसांनी विचारलं, कडुबाच्या बायकोनं, सरूबाईनं, त्याचा दंड धरून विचारलं, "भाऊजी, त्यांनी आवाज दिला नाय का ओ?"

"नाय वैनी," बन्सी म्हणाला. "मला कायबी ऐकू आलं नाय."

बस, एवढंच खोटं तो बोलला. त्याच्या आयुष्यातली बाकीची सगळी खोटी किरकोळ होती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो आपल्या घरी, आपल्या मोरीत उभा होता. धार लागली आणि कुठूनतरी आवाज आला. टण्, टण्. धार तुटली. बन्सीनं नळाकडं पाहिलं, तो कोरडा होता. शेजारी लोखंडाचं काही काम चाललं असेल म्हणून त्यानं कान दिला, पण शेजारी कुलूप होतं. तो तसाच अर्धवट बाहेर येऊन बसला आणि बायकोनं काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसला.

पुढं हे रोजचंच झालं. शेतात उभा राहिला तरी, लग्नाच्या मांडवामागं उभा राहिला तरी. जिथं मैलभर पाइप नाही तिथंसुद्धा. धार लागायची, दोन ठोके यायचे, आणि आतून कुणीतरी मुठीत धरल्यागत सगळं बंद व्हायचं. बन्सी हळूहळू पाणी कमी प्यायला लागला. दुसऱ्यांना पाणी सोडणाऱ्या माणसानं स्वतः घोटघोट मोजून प्यावं, यासारखी वाईट गोष्ट नाही. चार वर्षं त्यानं असं ओढलं आणि मग एके दिवशी ते पुरतंच बंद झालं. पोट दगडासारखं फुगलं, गडी गुरासारखा ओरडायला लागला, तेव्हा पोरांनी रिक्षात घालून नेलं आणि डॉक्टरांनी नळी घातली.

प्रोस्टेटच्या गाठीचं ऑपरेशन झालं. वाट मोकळी झाली, असं डॉक्टर म्हणाले. पण नळी काढली की पुन्हा बंद. नळी घालून, मांडीला पिशवी बांधून बन्सी घरात बसला. चावी कोपऱ्यात उभी राहिली. गल्लीतल्या बाया आता हाक मारत नव्हत्या, हळहळत होत्या, आणि ते त्याला जास्त लागत होतं. शेवटी त्याला शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं तीन वेळा तपासणी होणार होती. त्यातूनही लघवी सुटली नाही तर बेंबीखाली भोक पाडून कायमची नळी टाकायची, असं ठरलं. मरेपर्यंत पोटातून नळी!

तपासणी करणाऱ्या डॉक्टरचं नाव नजमुन्निसा. पुरुषाच्या लघवीची तपासणी आणि डॉक्टर बाई! बन्सी दारातूनच माघारी फिरत होता. तिथल्या अझहर नावाच्या मदतनीसानं त्याचा हात धरला. "चाचा, शरमाओ मत. मॅडम पडद्याच्या पलीकडं बसतात, त्यांना फक्त टीव्ही दिसतो."

खोलीत एक लोखंडी खुर्ची होती, बसायच्या जागी मधोमध कापलेली. खाली भांडं, आणि एका दांडीवर बसवलेलं सोनोग्राफीचं बोंडासारखं टोक, ते दोन मांड्यांच्या मधल्या जागेला खालून टेकायचं. अझहर नळीतून पाणी सोडून मूत्राशय भरायचा, नळी काढायचा आणि बाहेर जायचा. मग माणसानं निवांत लघवी करायची. निवांत! बन्सीला हसावं की रडावं कळेना.

"चाचा, हे मशीन आतल्या मांसाला बारीकसा धक्का देतं," पडद्याआडून नजमुन्निसा समजावून सांगत होती. आवाज मऊ होता, घाई नव्हती. "धक्का कडक मांसातून भरकन जातो, मऊ मांसातून सावकाश. कडक असलं की लाल दिसतं, मऊ असलं की निळं. लघवी होताना आत काय कधी सैल पडतं, ते मी शिकतेय. तुम्ही काही करू नका. बसा फक्त."

बन्सी बसला. बराच वेळ गेला. एसीची घरघर, बाहेर कुणाची तरी चप्पल. आणि मग खरंच आतून काहीतरी सैल पडल्यागत झालं, धार आता लागणार, आणि टण्, टण्. बंद झालं. बन्सीनं डोळे मिटले.

नजमुन्निसानं त्याला कपडे घालायला लावून जवळ बोलावलं आणि टीव्हीवर ते पुन्हा दाखवलं. काळोखात निळा रंग पसरत गेला, पाण्यानं ओल पसरावी तसा. सगळं निळं झालं. मग मधोमध लाल उठलं, विझलं, परत उठलं आणि तसंच राहिलं. दोन ठोक्यांसारखं.

"बाकी लोकांचं कडक असतं तर शेवटपर्यंत कडकच राहतं," ती म्हणाली. "तुमचं सुटतं चाचा. पूर्ण सुटतं. आणि मग जसं कुणीतरी येऊन बंद करतं."

चार वर्षं बन्सी समजत होता की हे आपल्याच कानात वाजतंय, मनाचे खेळ आहेत. आता ते यंत्रालाही दिसलं होतं. "त्या वक्ताला काही ऐकू आलं का तुम्हाला?" तिनं विचारलं. बन्सीनं मान हलवली, नाही म्हणून. जुनी सवय.

दुसऱ्या खेपेला नजमुन्निसानं त्याच्या कानात कापूस घालायला लावला, एसी बंद केला, अझहरला दूर पाठवलं. खोली अशी गप्प झाली की बन्सीला आपला श्वास मोठा वाटायला लागला. निळं पसरत असणार, त्याला आतून कळत होतं. आणि मग ठोके आले ते कानातून आलेच नाहीत. ते खुर्चीच्या लोखंडातून आले, मांड्यांच्या हाडांत बसले. टण्, टण्. पाठोपाठ वास आला. गंजाचा, चिखलाचा, बंद चेंबरचं झाकण उचलल्यावर येतो तो.

"अझहरभाई!" पडद्याआडून नजमुन्निसानं हाक मारली. तिचा आवाज जरा चढलेला होता. "कहीं पानी लीक हो रहा क्या? गीले लोहे की बू आ रही." अझहरनं येऊन बेसिन पाहिलं, फरशी पाहिली. सगळं खडखडीत होतं. नळी पुन्हा घालून घेतली आणि बन्सी तिथं न थांबता बाहेर आला.

आता एकच तपासणी राहिली होती. बन्सी बाहेरच्या बाकावर बसून राहिला आणि त्याला स्वच्छ दिसलं. ज्यानं बंद केलं त्यानंच सोडायचं, हा त्यांचाच नियम. मग डॉक्टर काय करणार आणि यंत्र काय करणार? त्यानं घरचा रस्ता धरलाच नाही. पिशवी बांधलेला पाय ओढत तो सरळ सरूबाईकडं गेला.

सरूबाई शाळेत खिचडी रांधायचं काम करायची. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस, आत मोरीला एक नळ. दिवेलागण होत आली होती. बन्सीनं पाणी घेतलं नाही, चटईवर बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "वैनी, मी त्या दिवशी खोटं बोललो. त्यानं आवाज दिला व्हता. तीनदा दिला. मी झाडामागं व्हतो. मला वाटलं, नेहमीसारखी मस्करी करून राहिला. मी हसलो वैनी. तो खाली बुडत व्हता आन् मी हसत व्हतो."

बन्सीला वाटलं, सरूबाई ओरडेल, अंगावर धावून येईल, चार लोक गोळा करेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली, आणि एवढ्यात मोरीतल्या नळात आवाज झाला.

टण्, टण्.

तो पाण्याचा दिवस नव्हता. बन्सी भिंतीला टेकला. सरूबाईनं मात्र मागं वळूनही पाहिलं नाही. ती उठली, गॅसवर चहाचं आधण ठेवलं, एका कपाचं.

"रोज वाजतंय," ती म्हणाली. "दिवे लागले की. कामावरून याच वक्ताला यायचे ना ते. वाजलं की मी चहा ठिवते. कुनाला सांगितलं नाय, लोक म्हंतील बाई येडी झाली." साखर टाकताना तिचा हात थांबला. "तुम्ही मस्करी समजले व्हय. मला सांगायचे ते. म्हणायचे, बन्स्याला आज लई हसवलं."

आता मात्र बन्सीला रडू फुटलं. एवढा मोठा गडी चौकटीला धरून ढसाढसा रडला. सरूबाईनं त्याला रडू दिलं. तिच्या मनात रागही होता, तो तिच्या जबड्यात दिसत होता. तिनं चहा गाळला, कप नेहमीप्रमाणं उंबऱ्यापाशी ठेवला आणि विचारलं, "आन् मग तुम्ही जवाब कवा दिला?"

"कसला जवाब?"

"ठोक्याचा. ऐकलं म्हणून परत ठोकतेत ना तुमच्यात? जवाब येईस्तोवर थांबायचं नाय, असं तेच म्हणायचे. तुम्ही जवाबच दिला नाय, तर त्यांनी थांबायचं कवा?" ती पाठमोरी झाली. "जा आता. उद्या जाऊन जवाब द्या त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळीच, तिसऱ्या खेपेला, बन्सी पुन्हा त्या लोखंडी खुर्चीवर बसला. नजमुन्निसानं या वेळी काहीच सांगितलं नाही, फक्त म्हणाली, "मी इथंच आहे चाचा." अझहर दार लावून गेला. बन्सीनं उजव्या हाताच्या मुठीत कडुबाचा जुना पाना धरला होता. तो सरूबाईनं निघताना त्याच्या हातात दिला होता. डॉक्टरला त्यानं तो दाखवला नव्हता.

सैल पडत गेलं. वास आधी आला, गंजाचा, ओल्या अंधाराचा. खोली गार पडली. पायाच्या घोट्यापर्यंत पाणी आल्यासारखं वाटलं आणि बन्सीनं खाली पाहिलं नाही. टण्, टण्. सगळं आवळलं गेलं, दुखलं. बन्सीनं पाना उचलला आणि खुर्चीच्या पायावर मारला. दोन वेळा. नीट, अंतर ठेवून, कामावर मारतात तसा.

"ऐकलं रे कडुबा," तो पुटपुटला. "उशीर झाला. पण ऐकलं."

काहीच झालं नाही. एसी घरघरत होता. बन्सीला वाटलं, संपलं, आता पोटातून नळी. मग खूप लांबून, चार वर्षांच्या पाण्याखालून यावा तसा, लोखंडातून आवाज आला. एक. मध्ये थोडं थांबून दुसरा. आणि तिसरा.

आणि धार लागली. तुटली नाही. भांड्यात आवाज होत राहिला, आणि बन्सी मान खाली घालून, डोळे पुसत, तो ऐकत बसला. कितीतरी वेळ लागला त्याला. नेहमीसारखाच.

पडद्याआड नजमुन्निसा आधी टीव्हीकडं पाहत राहिली. निळं, मग लाल, मग तीन पावलांत उतरत गेलेलं पुन्हा निळं. असं तिनं कुणाचं पाहिलं नव्हतं. "मुबारक हो चाचा," ती हसून म्हणाली, आणि बन्सी कपडे सावरून पडद्याबाहेर आला तेव्हा तिनं विचारलं, "पण ते खुर्चीवर काय वाजवत होतात? पाच वेळा ठोकलं तुम्ही."

"पाच?" बन्सी म्हणाला.

"हां. आधी दोन. मग जरा वेळानं तीन."

बन्सीनं पाना खिशात टाकला. "व्हय," तो म्हणाला. "पाच."

नळीशिवाय, पिशवीशिवाय, हलक्या अंगानं तो रिक्षातून उतरला तो सरूबाईच्या दारात. दवाखान्यातून सोडेपर्यंत संध्याकाळ झाली होती. त्याला सांगायची घाई होती, आणि लहान पोरासारखा तो दारातूनच ओरडला, "वैनी, सोडलं! त्यानंच सोडलं!"

सरूबाई मोरीच्या तोंडाशी बसली होती, नळाकडं कान करून. दिवा लावून झाला होता. गॅस बंद होता. तिनं हातानं त्याला गप्प राहायला सांगितलं आणि दोघंही ऐकत राहिले. बाहेर मोटारी जात होत्या, कुणाच्या तरी घरात कुकर झाला. नळ गप्प होता. अंधार दाट होत गेला, तरी गप्पच होता.

बन्सीच्या हळूहळू ध्यानात आलं. "वैनी," तो म्हणाला, "जवाब मिळाल्यावर तो जाईल, हे... तुम्हाला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"मग कामून सांगितलं मला?"

सरूबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. कालचा कप उंबऱ्यापाशी तसाच होता, त्यावर साय धरली होती. तिनं तो उचलला, मोरीत ओतला आणि विसळला.

"चार वर्सं झाली भाऊजी," ती म्हणाली. "माझ्या एका कपासाठी त्याला अजून किती दिवस पाण्यात उभं ठिवायचं?"

आजवर तिनं नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. मग तिनं गॅस पेटवला, दोन कपांचं आधण ठेवलं आणि बन्सीला चटईवर बसायला सांगितलं.